शासनाची दृश्यता : ‘शेतकऱ्याचा असूड’मधील एक प्रश्न

महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाचा विचार शेतकऱ्याचे शोषण व जातिव्यवस्था या दोन अंगांनी नेहमी केला जातो. त्याच्या दुसऱ्या प्रकरणात गुंफलेला आणखी एक प्रश्नही तितकाच मूलगामी आहे : प्रजेला सरकार दिसते ते कोणत्या रूपाने? गोरे अधिकारी ऐषारामात गुंतल्यामुळे त्यांना शेतकऱ्याची खरी स्थिती पाहण्यास सवड नाही. आणि निरक्षर शेतकऱ्याच्या दृष्टीस पडतो तो कुळकर्णी किंवा कचेरीतला कारकून, अशी फुल्यांची मांडणी आहे. शासन व प्रजा यांना परस्परांचे दर्शन घडते ते मध्यस्थाच्याच द्वारे.

यावर फुल्यांनी सुचविलेले उपाय मुख्यतः दोन : शूद्रादी अतिशूद्रांना शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत सर्व जातींना प्रमाणशीर वाटा. हे उपाय न्याय्य खरे. परंतु मध्यस्थ बदलला तरी दप्तर त्याच्याच हाती राहते, ही अडचण त्यांनी सुटत नाही. २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम या अडचणीला थेट भिडतो. माहिती मागणाऱ्याने कारण सांगण्याची आवश्यकता नाही. सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. शिवाय चौथ्या कलमान्वये प्रत्येक कार्यालयाने आपली कर्तव्ये, निर्णयपद्धती व खर्च आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा आहे.

तथापि बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावाच्या दृष्टीने पाहता कायद्याची मर्यादाही ध्यानात येते. येथील रहिवाशाच्या शेताची नोंद महसूल खात्याकडे, गावाची दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे, तर प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत. अर्ज करावयाचा तर काम कोणत्या कचेरीचे, हे आधी उमगले पाहिजे. आणि तेच ज्याला उमगत नाही, तो पुन्हा एखाद्या जाणत्या मध्यस्थाच्या दारी जातो. फुल्यांच्या काळी कागद दृष्टिआड होता. आज कागद मागता येतो, पण जबाबदारी अनेक दारांत विभागलेली असल्याने ती नजरेत भरत नाही.

म्हणून किती कागद प्रसिद्ध झाले, एवढ्यावरून शासनाची दृश्यता मोजणे अपुरे ठरते. निर्णय कोणी घेतला आणि त्याचा जाब कोणास विचारावा, हे सामान्य माणसाला मध्यस्थावाचून कळते काय, हीच तिची खरी कसोटी होय. ती कसोटी प्रथम पुढे आणणारा ग्रंथ म्हणून नव्हे, तर ती अद्याप पूर्ण न झाल्याची जाणीव देणारा ग्रंथ म्हणून ‘असूड’ आजही वाचनीय ठरतो.