'सिटिझन १३६६०' : स्थानबद्धतेची रेखाचित्रे आणि साक्षीचा प्रश्न

युद्धकालीन चित्रांचा विचार करताना सामान्यतः रणभूमी, उद्ध्वस्त नगरे आणि मृतदेह डोळ्यांसमोर येतात. मिने ओकुबो (१९१२–२००१) या जपानी वंशाच्या अमेरिकी चित्रकर्तीच्या 'सिटिझन १३६६०' (१९४६) या ग्रंथात यांपैकी काहीही नाही. आहेत त्या रांगा, खाटा, धूळ आणि वाट पाहणारी माणसे. तरीही दुसऱ्या महायुद्धातील विस्थापनाचा तो एक मूलगामी दस्तऐवज ठरतो.

कॅलिफोर्नियात जन्मलेल्या ओकुबो यांनी बर्कले येथे कलाशिक्षण घेतले, पॅरिसमध्ये फर्नां लेजे यांच्याकडे काही काळ अभ्यास केला व १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटताच त्या मायदेशी परतल्या. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील १ लाख १० हजारांहून अधिक जपानी वंशीयांना घरेदारे सोडावी लागली. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. ओकुबो व त्यांचे धाकटे बंधू यांना मिळून १३६६० हा कुटुंबक्रमांक मिळाला. नाव गेले, क्रमांक आला आणि 'नागरिक' हा शब्द मात्र ग्रंथनामात राहिला. या शीर्षकातील उपरोध ग्रंथात पुढे कोठेही स्पष्ट करून सांगितलेला नाही.

टॅनफोरान येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे ८ हजार माणसे ठेवण्यात आली. या भावंडांच्या वाट्याला घोड्याच्या तबेल्यातील एक खण आला. भिंतींवर घाईने चुना फासलेला, त्याखाली कोळ्यांची जाळी आणि गवताच्या काड्या तशाच. मधल्या भिंती छतापर्यंत पोहोचत नसल्याने शेजाऱ्यांचे सर्व आवाज ऐकू येत. अशा जागी खासगीपणा उरत नाही. ओकुबो यांनी दारावर चक्क 'विलगीकरण' अशी पाटी लावून तो मिळवला. छावण्यांत कॅमेऱ्यास मनाई होती, म्हणून कागद व शाई हीच साधने हाती राहिली. पुढे यूटामधील टोपाझ छावणीतही रेखाटन चालूच राहिले.

या चित्रांचा सर्वांत लक्षणीय विशेष म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौकटीत चित्रकर्ती स्वतः उपस्थित आहे. कधी रांगेत, कधी कोपऱ्यात, बहुधा तिरक्या नजरेने पाहणारी. चित्तप्रसाद यांच्या 'हंग्री बेंगॉल' (१९४३) शी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. पुढे अंधेरीस दीर्घकाळ राहिलेल्या या चित्रकाराने दुष्काळग्रस्त मेदिनीपूर पायी हिंडून जे रेखाटले, ते इतरांचे दुःख होते. तेथे पाहणारा चौकटीबाहेर आहे. (ब्रिटिश सरकारने त्या पुस्तिकेच्या प्रती नष्ट केल्या, हे तिच्या सामर्थ्याचे प्रमाणपत्रच म्हणावे लागेल.) ओकुबो यांच्याकडे पाहणारी आणि पाहिली जाणारी व्यक्ती एकच आहे. लोकांना मोजणाऱ्या, रांगेत उभ्या करणाऱ्या व्यवस्थेकडे मोजला जाणारा माणूसच टक लावून पाहतो.

१९४६ मध्ये काही समीक्षकांनी ग्रंथातील विनोद व कटुतेचा अभाव यांची प्रशंसा केली. ही प्रशंसा संशयास्पद वाटते. कटुता नाही असे म्हटले की अन्यायाची तीव्रताही आपोआप कमी होते, आणि बहुसंख्य समाजाला ते सोयीचेच असते. वस्तुतः कटुता शब्दांत नसून शब्द आणि चित्र यांच्यामधील अंतरात आहे. मजकूर मापे, वेळा, नियम एवढेच कोरडेपणाने नोंदवतो. दरवाजे नसलेल्या शौचकूपांतील स्त्रियांची लाज मात्र रेषा सांगते. लेजे यांच्याकडील संस्कार आठवावा अशी ती जाड, ठाम बाह्यरेषा चेहरे सोपे करते, पण त्यांना एकसारखे होऊ देत नाही.

येथे एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. या ग्रंथाला दैनंदिनी म्हणण्याची प्रथा आहे. परंतु ही रेखाचित्रे छावणीबाहेरील स्नेह्यांना तेथील जीवन कळावे म्हणून व प्रदर्शनासाठी योजलेली होती, तर ग्रंथातील मजकूर भूतकाळात लिहिलेला आहे. म्हणजे रेषा घटनेच्या आतली आणि शब्द तिच्या नंतरचे. दोहोंना एकाच क्षणाची साक्ष मानणे सदोष ठरेल. तथापि या निवडीमुळे साक्षीचे मूल्य उणावत नाही. १९८१ मध्ये सरकारी चौकशी आयोगापुढे ओकुबो यांनी स्वतः साक्ष दिली. १९८८ च्या कायद्याने शासनाने क्षमा मागून हयात स्थानबद्धांना प्रत्येकी २० हजार डॉलर देऊ केले, तेव्हा ग्रंथ प्रसिद्ध होऊन बेचाळीस वर्षे लोटली होती.

जानेवारी १९४४ मध्ये न्यूयॉर्कमधील 'फॉर्च्यून' मासिकाच्या कामासाठी ओकुबो टोपाझमधून बाहेर पडल्या. ग्रंथाचा शेवटही तेथेच होतो. सुटका झालेली ही स्त्री मागे वळून पाहते, आणि तिच्या मागे उरलेल्यांत आहेत मुख्यतः अतिवृद्ध व लहान मुले.