दहा सेंटचा सुपरमॅन

अमेरिकन कॉमिकच्या सुरुवातीच्या वर्षांना ‘सुवर्णयुग’ म्हणायची रीत पडली आहे. त्यातलं सोनं बरंचसं नंतरच्या लिलावांतलं. ते अंक आज सलग वाचायला घेतले, तर पुष्कळ चित्रं घाईघाईत उरकलेली दिसतात: रिकामी पार्श्वभूमी, ठोकळेबाज शरीरं, सगळ्या नायकांची हनुवटी एकाच साच्यातली. तरीही एक नवी कला इथेच उभी राहिली, आणि तिला आकार दिला तो मुख्यतः छापखान्याच्या हिशेबाने.

कनेटिकटमधल्या वॉटरबरीत ईस्टर्न कलर प्रिंटिंग ही कंपनी वर्तमानपत्रांच्या रंगीत रविवार पुरवण्या छापत असे. यंत्रं रिकामी ठेवणं परवडत नव्हतं. पुरवणीच्या कागदाला आणखी एक घडी घातली की पुस्तिका होते, हे ध्यानात आलं आणि १९३३ साली ‘फनीज ऑन परेड’ निघालं. आत जुन्याच चित्रपट्ट्या होत्या, आणि अंक प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या गिऱ्हाइकांना भेट म्हणून दिला गेला. पुढच्या वर्षी ‘फेमस फनीज’ दहा सेंटला स्टॉलवर आलं. १९३५ मध्ये मेजर माल्कम व्हीलर-निकल्सन यांनी ‘न्यू फन’मध्ये सगळा नवा मजकूर छापला. गाजलेल्या चित्रपट्ट्यांचे हक्क घेण्यापेक्षा नवख्या पोरांकडून काम करून घेणं स्वस्त पडे. शिवाय मेजरसाहेबांकडून तेही पैसे वेळेवर मिळत नसत.

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँडचे दोन तरुण याच नवख्यांतले. वर्तमानपत्रांसाठी केलेला त्यांचा सुपरमॅन सगळीकडून साभार परत आला होता. अखेर त्या पट्ट्या कापून, चिकटवून तेरा पानं जुळवली गेली आणि १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात लागली. गोष्ट मध्येच सुरू होते, मध्येच थांबते. पण वाचून पाहा: हा सुपरमॅन निरपराधाची फाशी टाळण्यासाठी गव्हर्नरच्या घराचं पोलादी दार उखडतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, वॉशिंग्टनमधल्या दलालाची बोबडी वळवतो. परग्रहावरचे शत्रू अजून यायचे होते. इथले खलनायक मंदीच्या काळातल्या वाचकाला शेजारपाजारी दिसणारे. कापाकापीमुळे आलेला तुटकपणाच या कथेचा वेग झाला आहे, आणि पुढच्या सफाईदार अंकांत तो मला फारसा सापडत नाही. मोबदला एकशे तीस डॉलर, सगळ्या हक्कांसकट.

याच काळात विल आयझनर आणि जेरी आयगर यांच्यासारख्यांनी चक्क कारखानेच काढले: एकाने पेन्सिल, दुसऱ्याने शाई, तिसऱ्याने अक्षरं. अशा ठिकाणी शैली कुणा एकाची उरत नाही, हे उघडच आहे. पण त्याच शिस्तीत तयार झालेल्या आयझनरने १९४० मध्ये ‘द स्पिरिट’ या आपल्या मालिकेची मालकी आपल्याकडे ठेवून घेतली आणि पहिल्या पानाची रचना दर आठवड्याला बदलून पाहिली. कधी कथानायकाचं नावच त्या चित्रातली इमारत होऊन उभं राहायचं.

बाकीच्यांचं काय? बॉब केनने काढलेल्या बॅटमॅनच्या आराखड्यात लाल कपडे आणि ताठ पंख होते. टोपडं, झूल आणि करडा रंग सुचवला त्याच्या सहकाऱ्याने, बिल फिंगरने. केनचं नाव अंकांवर छापलं जात राहिलं. फिंगर १९७४ साली वारला. त्याला अधिकृत श्रेय मिळालं २०१५ मध्ये.