इशाऱ्याची भाषा आणि शासनाची सज्जता

शासन एखाद्या संकटास तोंड देण्यास कितपत सज्ज आहे, याची परीक्षा बहुधा शस्त्रे, नौका आणि मनुष्यबळ यांच्या गणनेने केली जाते. सज्जतेचे एक अंग केवळ भाषेचे असते, याचा मात्र विसर पडतो. धोक्याच्या निरनिराळ्या पायऱ्या मानावयाच्या, तर त्यांना निरनिराळी नावे हवीत आणि प्रत्येक नावामागे निराळे कर्तव्य हवे. दहशतवादाविषयीचे आपल्याकडील शासकीय इशारे या कसोटीस कितपत उतरतात, हे रायगड जिल्ह्याच्या उदाहरणावरून पाहता येईल.

हा जिल्हा निवडण्यास सबळ कारण आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या बाँबस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांसाठीची स्फोटके आधीच्या महिन्यात श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली होती. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये उरण येथे शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे शाळकरी मुलांनी सांगितले. नौदलासह अनेक दलांनी शोध घेतला. कोणीही सापडले नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य नौका लागली. तीत तीन एके-४७ रायफली होत्या. नौका परदेशी मालकीची असून भर समुद्रात बिघडल्यामुळे सोडून दिलेली होती, हे त्याच दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले.

या दोन प्रसंगांतील धोक्याची जात एक नव्हे. पहिल्यात सशस्त्र माणसे वस्तीत शिरल्याची शंका होती. दुसऱ्यात वाहत आलेल्या नौकेचा उलगडा काही तासांतच झाला. तथापि जनतेच्या कानी पडलेला शब्द दोन्ही वेळा एकच होता : ‘हाय अलर्ट’. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांनी ठरतो, हे भाषाशास्त्रातील प्राथमिक तत्त्व होय. ‘कोमट’ आणि ‘ऊन’ हे शब्द आहेत म्हणूनच ‘कढत’ म्हणताच हात आखडता घेतला जातो. ‘हाय अलर्ट’ला असा धाकटा भाऊ लोकव्यवहारात नाही. ‘सतर्क’, ‘सावध’, ‘दक्ष’ ही विशेषणे इशाऱ्यांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. त्यांत चढउतार नाही. शिवाय इशारा दिल्याचे सर्वांना कळते, तो उठविल्याचे क्वचितच. ज्या शब्दाला खालची पायरी नाही आणि शेवटही नाही, तो काही दिवसांतच अर्थहीन होतो.

शासनापाशी श्रेणी नाहीत, असे मात्र नाही. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरास १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय संहितेत सुरक्षेच्या तीन पातळ्या असून प्रत्येकीची कामे ठरलेली आहेत. पहलगामच्या हल्ल्यानंतर ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्याचा रोख शत्रुराष्ट्राच्या हल्ल्याकडे असला, तरी त्याची वर्गवारी प्रस्तुत विषयात उद्बोधक आहे. तीत उरण पहिल्या श्रेणीत, रोहा-धाटाव-नागोठणे आणि थळ-वायशेत दुसऱ्या श्रेणीत, आणि रायगड जिल्हा म्हणून तिसऱ्या श्रेणीत होता. आता पनवेल तालुक्यातील कोन या गावाचा विचार करावा. महसुली दृष्ट्या ते रायगडात, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत. पोलिसी दृष्ट्या, उरणप्रमाणेच, नवी मुंबई आयुक्तालयाच्या हद्दीत. ‘रायगड पोलीस सतर्क’ ही वार्ता कोनच्या रहिवाशास लागू आहे की नाही, हे त्या वाक्यावरून त्याला उमगणार नाही. श्रेणी आहे, पण ती ज्याच्यासाठी आहे त्याच्या भाषेत उतरलेली नाही.

केवळ श्रेणी जाहीर केल्याने हा दोष दूर होईल, असे समजणेही भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेने २००२ मध्ये पाच रंगांची श्रेणी जाहीर केली. तीतील हिरवा व निळा हे खालचे दोन रंग राष्ट्रीय पातळीवर कधीच वापरले गेले नाहीत, आणि रंग बदलल्यावर नागरिकाने काय करावे हेही स्पष्ट नव्हते. २०११ मध्ये ती पद्धती मोडीत निघाली. याउलट आपल्या हवामान खात्याचे चार रंग कोकणात पावसाळ्यात रोजच्या बोलण्यात आले आहेत. कारण पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा, अशी क्रियापदे त्यांना जोडलेली आहेत.

पाऊस इशारा वाचत नाही, शत्रू वाचतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ब्रिटनने २००६ पासून धोक्याची पातळी जाहीर केली, ती गुप्त माहिती उघड न करता. शिवाय शासन नागरिकाच्या डोळ्यांवर विसंबून असतेच. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या मच्छीमारनगरात उतरलेल्या हल्लेखोरांना प्रथम हटकले ते तेथील रहिवाशांनी; उरणला वार्ता दिली ती मुलांनी. ज्याच्याकडून पाहण्याची अपेक्षा करावयाची, त्याला काय पाहावे, कोणास सांगावे आणि केव्हा निश्चिंत व्हावे, हे सांगणे हा सज्जतेचाच भाग होय. तोवर किनाऱ्यावरची गस्त कितीही वाढली, तरी ‘हाय अलर्ट’ हा शब्द कोनच्या रहिवाशाला घाबरविण्यापलीकडे काही करू शकणार नाही. आणि पुढे पुढे तो घाबरणारही नाही. खऱ्या संकटाच्या वेळी ही दुसरी अवस्था अधिक घातक ठरेल.