चाकं आधी ठरली, तक्ता नंतर बनला

दिवाळीत अणदूरला घरी आलो की इंजिनिअरिंगची पोरं काहीतरी दाखवायला आणतातच. यंदा एकाने त्याच्या कॉलेजच्या रोबोकॉन संघाचा डिझाइन अहवाल आणला. कॉलेजचं नाव सांगत नाही. थर्ड इयरला असाच अहवाल मीही लिहिला होता, त्यामुळे पुढची टीका थोडी स्वतःवरही आहे.

ड्राइव्हट्रेनच्या प्रकरणात चार पर्याय आहेत: दोन चाकांचा डिफरन्शियल ड्राइव्ह, तीन ऑम्नी, चार ऑम्नी आणि चार मेकॅनम. खाली तक्ता. वेग, वळण्याची सोय, खर्च, बांधणी; प्रत्येकाला दहापैकी गुण, गुणांना भारांक आणि शेवटी मेकॅनम पहिला. दिसायला एकदम शास्त्रीय. पण आठच गुण का, सात का नाहीत, याबद्दल एक शब्द नाही. मी ‘वळण्याची सोय’चा भारांक जरा कमी करून पाहिला, तर मेकॅनम थेट तिसरा. पोराला विचारलं तेव्हा तो खरं बोलला, “दादा, चाकं आधीच मागवली होती.”

तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल तर हे नीट बघा. पद्धत आधी ठरलेली आणि तुलना नंतर लिहिलेली, असे प्रबंधही मी वाचलेत. चाकं आधी मागवणं हा गुन्हा नाही, ते तक्त्यामागे लपवणं वाईट.

वेगाचा रकाना तर सरळ फसवा आहे. सगळ्या पर्यायांना एकच मोटर आणि एकच गिअर रेशो धरलाय, त्यामुळे चार ऑम्नी सर्वांत वेगवान ठरल्या. ऑम्नी ४५ अंशांत बसवल्या की रोबोट चाकाच्या वेगाच्या १.४१ पट वेगाने पुढे जातो, हे बरोबरच. पण ढकलण्याचा जोर तेवढ्याच पटीने घटतो. समजा रोबोट २५ किलोचा, त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग, चाकाची त्रिज्या ५ सेंमी. एकूण जोर ५० न्यूटन लागेल. साध्या चार चाकांना प्रत्येकी साधारण ०.६३ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, ४५ अंशांतल्या ऑम्नींना ०.८८ लागतो. उलट २ मीटर प्रति सेकंद वेगासाठी साध्या चाकाला मिनिटाला सुमारे ३८० फेरे, ऑम्नीला २७०. (घर्षणातली घट धरलेली नाही.) म्हणजे प्रत्येक पर्यायाला त्याच्या सोयीचा गिअर द्या, मग तुलना करा.

आता मेकॅनम. स्वीडनच्या बेंग्ट इलॉनने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे चाक आणलं. रोलर तिरके असल्यामुळे प्रत्येक चाक तिरकं ढकलतं. नको ते घटक एकमेकांना मारतात आणि हवी ती दिशा उरते. पण त्यासाठी चारही चाकं सारख्या दाबाने जमिनीला टेकलेली हवीत. तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांचं स्टूल डुगडुगतं. ताठ चॅसीचंही तेच. फळ्यांच्या जोडावर एक चाक उचललं की रोबोट भलतीकडे पळतो. अहवालात सस्पेन्शन हा शब्दच नाही! मग पोरं रात्रभर पीआयडी ट्यून करत बसतात. आम्हीही बसलो होतो. वाकडी होती चॅसी, आणि आम्ही शोधत होतो कोडमध्ये.

खेळ काय मागतो, हा प्रश्नही राहिलाय. २००८ मध्ये पुण्यात एबीयू रोबोकॉन दहीहंडीवर झाली, २०२२ मध्ये दिल्लीत लगोरीवर. लगोरी रचणाऱ्या रोबोटला बोटभर बाजूला सरकता आलं पाहिजे. चेंडू मारणाऱ्याला जागच्या जागी वळून नेम धरता आला तरी बरंच काम होतं. मग दोघांना एकच ड्राइव्ह कशाला? या अहवालात खेळाचे नियम पहिल्या पानावर आहेत, चाकांच्या तक्त्यापर्यंत ते पोचतच नाहीत.

चाकं परत जाणार नव्हती. म्हणून त्याला म्हटलं, निदान मोज. प्लायवूडवर २ मीटर सरळ, २ मीटर आडवं, वीस-वीस वेळा. टेपचं अंतर एका रकान्यात, मोटरच्या एन्कोडरचं शेजारी. जमलं तर स्प्रिंगने जमिनीवर दाबलेलं, मोटर नसलेलं एक छोटं ऑम्नी चाक एन्कोडरसकट लाव, तिसरा रकाना होईल.

पहिले आकडे काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आले. सरळ जाताना ठीक आहे. आडवं जाताना एन्कोडरचं आणि टेपचं जमत नाहीये, आणि खाली त्याचा प्रश्न: “दादा, रोलर घसरतायत की चाक टेकतच नाहीये, हे वेगळं कसं काढू?”