ताज्या सिमेंटमधील द्रवाची रासायनिक तपासणी आणि काँक्रीटचा टिकाऊपणा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
काँक्रीटची गुणवत्ता म्हणजे २८ दिवसांनंतरची क्यूबची दाबशक्ती, हे समीकरण बांधकाम व्यवहारात रूढ झाले आहे. पणजी येथील मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याचे वय सुमारे दीड दशकाचे होते. केबलींना लागलेला गंज हे त्यामागील प्रमुख कारण मानले गेले. बळकटी आणि टिकाऊपणा या भिन्न गोष्टी होत, हे या घटनेने दाखवून दिले. प्रस्तुत लेखात टिकाऊपणाचा पूर्वअंदाज घेणाऱ्या एका रासायनिक पद्धतीचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

पद्धतीचे स्वरूप :
सिमेंटमध्ये पाणी मिसळताच सोडियम व पोटॅशियमची सल्फेटे विरघळू लागतात. साधारण पहिल्या दिवसाअखेर सल्फेट घन संयुगांत बांधले जाते, त्याची जागा हायड्रॉक्साइड घेते आणि द्रवाचा सामू १३ च्या पुढे जातो. हाच द्रव पुढे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत राहतो. त्याच्या अल्कधर्मीपणामुळे सळईवर संरक्षक थर टिकतो. क्लोराइड वाढल्यास तो थर भंगतो. हाउसमन यांनी १९६७ मध्ये क्लोराइड व हायड्रॉक्साइड यांचे ०.६ हे गुणोत्तर धोक्याची सीमा म्हणून सुचविले होते.

बलस्थाने :
कठीण झालेल्या सिमेंटमधून द्रव काढण्यास प्रचंड दाबाचे यंत्र लागते. बार्नीबॅक व डायमंड यांनी १९८१ मध्ये या तंत्राचे सविस्तर वर्णन केले. ताज्या मिश्रणातील द्रव मात्र साध्या गाळणीने वा अपकेंद्री यंत्राने मिळतो. शिवाय दोष वेळीच कळतो. आयएस ४५६ : २००० या संहितेने सळईयुक्त काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि काँक्रीटमधील एकूण क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलोग्रॅम ठेवली. घनमीटरला १८० लिटर पाणी धरल्यास मर्यादेतील पाण्यातून केवळ ०.०९ किलोग्रॅम क्लोराइड येते. परंतु तेच पाणी २००० मिलिग्रॅमचे असल्यास ०.३६ किलोग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पाण्यातून येतो. बोअरच्या वा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या बांधकामांच्या दृष्टीने हा हिशेब दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मर्यादा :
तथापि या पद्धतीवर सर्वस्वी विसंबणे योग्य ठरणार नाही. पहिली मर्यादा अशी की, ताजा द्रव हा कठीण काँक्रीटमधील द्रव नव्हे. फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटमध्ये अल्कलीचे प्रमाण पुढे घटते, तर क्लोराइड बांधून ठेवण्याची क्षमता वाढते. हे पहिल्या तासात दिसत नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. खाडीकाठच्या पुलात क्लोराइड बाहेरून, वर्षानुवर्षे झिरपत येते. मांडवीसारख्या ठिकाणी ताज्या द्रवाचा निर्दोष अहवालही पुरेसा ठरला नसता. बाहेरून येणाऱ्या क्लोराइडला अडविण्याचे काम छिद्रांची रचना करते, द्रवाचे रसायन नव्हे.

म्हणून दोहोंची सांगड आवश्यक ठरते. काँक्रीटचा विद्युतरोध त्यातील द्रवाच्या विद्युतरोधाने भागल्यास छिद्ररचनेचा निर्देशांक मिळतो. द्रवाची माहिती नसताना केवळ विद्युत चाचणी दिशाभूल करू शकते. कॅल्शियम नायट्राइट मिसळलेल्या काँक्रीटमधून अधिक विद्युतभार वाहतो, मात्र त्यावरून ते अधिक सच्छिद्र आहे असे ठरत नाही.

समारोप :
सारांश, ताज्या द्रवाची तपासणी हा टिकाऊपणाचा अंतिम निर्णय नसून त्याचा आवश्यक पहिला पुरावा होय. तिच्यासाठी लागणारे अनुमापन व ज्वालाप्रकाशमापन महाविद्यालयीन रसायनशास्त्राला परिचित आहे. छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुरा परिसरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व शासकीय तंत्रनिकेतन वसलेले आहे. अशा परिसरात स्थापत्य व रसायनशास्त्र या विद्याशाखांनी स्थानिक पाणी, सिमेंट व फ्लाय अॅश यांच्या द्रवांची नोंद संयुक्तपणे ठेवल्यास, क्यूबच्या आकड्यापलीकडे पाहण्याची सवय अभियंत्यांच्या पुढील पिढीस विद्यार्थिदशेतच लागेल.