प्रीॲम्प्लिफायरच्या मालकाचं म्हणणं: किती धरावं, किती सोडावं?



समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता, कादंबरी, नाटक आठवतं. पण लेखनाचा एक प्रकार असा आहे, की तो वाचून लोक लाखो रुपये खर्च करतात आणि त्याची समीक्षा मात्र फारशी होत नाही. घरातल्या स्टिरिओसाठी महागडा प्रीॲम्प्लिफायर घेतलेला माणूस महिना-दोन महिन्यांनी आपला अनुभव लिहितो. त्या अनुभवलेखनाबद्दल आज बोलायचं आहे.

गोंदियात बसून हा विषय जरा जास्तच जिव्हाळ्याचा वाटतो. मुंबई-पुण्याचा शौकीन दुकानात जाऊन यंत्र ऐकून येतो. इथून मुंबई रेल्वेनं जवळजवळ हजार किलोमीटर. आमगाव, तिरोडा, अर्जुनी मोरगावच्या माणसाला बहुतेक वेळा यंत्र न ऐकताच पैसे भरावे लागतात. हातात असतात ते फक्त आधीच्या मालकांचे शब्द. त्यामुळे ते शब्द कितपत भरवशाचे आहेत, हे बघणं भाग आहे.

आधी यंत्राचं काम काय ते थोडक्यात पाहू. प्रीॲम्प्लिफायर दोन कामं करतो. रेकॉर्ड प्लेअर, सीडी, रेडिओ यांतला एक स्रोत निवडतो आणि आवाज किती ठेवायचा ते ठरवतो. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा संकेत साधारण 5 मिलिव्होल्टचा असतो. तो शंभरेक पटींनी वाढवावा लागतो, त्यासाठी वेगळा फोनो विभाग असतो. सीडी प्लेअर मात्र 2 व्होल्ट देतो आणि बऱ्याच पॉवर ॲम्प्लिफायरना पूर्ण ताकदीला एक-दोन व्होल्ट पुरतात. म्हणजे घरी सीडी ऐकताना हे यंत्र बहुतेक वेळ संकेत वाढवत नाही, कमीच करत असतं. ब्रिटनच्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांच्या नावाशी एक आदर्श जोडला जातो: ॲम्प्लिफायर म्हणजे एक सरळ तार, फक्त संकेत वाढवणारी. आता गंमत बघा. ज्या यंत्राची सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे ‘यानं काहीच केलं नाही’, त्याच्यावर मालक पानंच्या पानं लिहितो.

काय लिहितो? पडदा दूर झाला. पार्श्वभूमी काळीभोर झाली. गायिका समोर येऊन बसली. आणि एक हमखास वाक्य: स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, आज काय बदललंत? हे वाक्य लिहिणाऱ्याला भक्कम साक्षीसारखं वाटतं. मला त्यात वेगळीच शंका येते. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला फरक बहुधा आवाजाच्या पातळीचा असतो. दोन यंत्रांचे नॉब एकाच खुणेवर ठेवले, म्हणून आवाज सारखा येत नाही. प्रत्येकाची वाढ निराळी. आणि आपला कान पातळीप्रमाणे ऐकणं बदलतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवलं, की आवाज वाढला की खर्ज आपल्याला जास्त भरीव ऐकू येतो. एक डेसिबलहून कमी फरक असेल तर तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. खरी मेख इथं आहे. मालक खोटं बोलत नाही. त्याला खरंच चांगलं ऐकू आलेलं असतं, फक्त कारण चुकलेलं असतं.

दुसरं हमखास वाक्य: दोनशे तास वाजू द्या, मग खुलतं. यंत्र तापून स्थिर व्हायला वेळ लागतो, हे खरं. व्हॉल्व्हच्या यंत्राला तर लागतोच. पण दोनशे तासांनी यंत्र खुललं की कान रुळला, हे कसं ठरवणार? पहिल्या दिवसाचं यंत्र तुलनेला उरलेलंच नाही. ते वाक्य कधी तपासताच येत नाही. वर त्या दोनशे तासांत यंत्र परत करण्याची मुदत संपून जाते, ते वेगळंच.

मग ऐकण्यावर विशेषणं वापरूच नयेत का? तसं अजिबात नाही. आपल्याकडे आवाजाच्या पोताबद्दल बोलायची जुनी आणि चांगली रीत आहे. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरला जाताना मिरजेला थांबते. त्या मिरजेत पिढ्यानपिढ्या तंबोरे बनतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं गायक म्हणतो, ‘जवारी जरा बंद वाटते, खुली करा.’ ‘खुली’ हे विशेषणच झालं. पण कारागीर लगेच काम करतो. घोडीचा पृष्ठभाग घासतो, तार आणि घोडी यांच्यामधला दोरा किंचित सरकवतो. गायक पुन्हा ऐकतो. दोरा पुढं नेला की झंकार बदलतो, मागं आणला की पुन्हा बदलतो. त्या शब्दाच्या मागं हातानं करता येणारी आणि परत फिरवता येणारी एक गोष्ट उभी आहे.

इतकं लांब जायलाही नको. आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटक चालतं. मागच्या रांगेतून कुणी ओरडतं, ‘आवाज मागं येऊन नाही राहिला!’ आणि साउंडवाला काहीतरी करतो. माईक हलवतो, कर्णा वळवतो. संवाद कळायला लागला की ओरडणं थांबतं. तक्रार, कृती आणि पुन्हा ऐकणं, असा तो क्रम आहे. मालकाच्या अनुभवलेखनात तक्रार किंवा स्तुती असते, पुढच्या दोन पायऱ्या नसतात. माझा मुख्य आक्षेप हाच.

आता दुसरी बाजू. मोजमापवाले म्हणतात, चांगले प्रीॲम्प्लिफायर सगळे सारखेच वाजतात, बाकी मनाचे खेळ. हेही घाईचं आहे. समजा, व्हॉल्व्हच्या प्रीॲम्प्लिफायरला कमी इनपुट इम्पिडन्सचा पॉवर ॲम्प्लिफायर जोडला. प्रीॲम्प्लिफायरच्या शेवटी एक कपॅसिटर असतो. पुढचा भार जड झाला, की त्या कपॅसिटरमधून खर्जाचे स्वर पुरे जात नाहीत. तबल्याचा डग्गा खरोखर पातळ होतो. म्हणून पुढच्या यंत्राचा इम्पिडन्स आधीच्याच्या निदान दहापट असावा, असा साधा नियम आहे. अशा घरातला मालक ‘खर्ज पातळ आहे’ म्हणाला, तर त्याचं ऐकणं अगदी बरोबर. पण ते वर्णन जोडीचं आहे, एका यंत्राचं नाही. जोडीला काय होतं हे त्यानं लिहिलं नाही, तर तेच खरं वाक्य दुसऱ्याच्या घरी खोटं ठरतं.

आणखी एक गोष्ट मला खटकते. मालकाला जे खरोखर ठाऊक असतं, ते तो लिहितच नाही. तीन वर्षांनी नॉब फिरवताना खरखर येते का? रात्री अगदी हळू ऐकताना एक बाजू दुसरीपेक्षा मोठी वाजते का? मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा पेटीला हात लावता येतो का? संध्याकाळी गावात सगळीकडे कूलर लागले, व्होल्टेज पडलं, की यंत्र काय करतं? बिघडलं तर कुठं पाठवायचं, किती दिवस थांबायचं? एखाद्या समीक्षकाकडे यंत्र काही आठवडे असतं, त्याला हे कळणार नाही. हा मालकाचा खास प्रांत आहे. तो सोडून मालक काळ्याभोर पार्श्वभूमीवर लिहीत बसतो, कारण वाचलेल्या अभिप्रायांमध्ये तसंच लिहिलेलं असतं. शिवाय एवढे पैसे घातल्यावर खरखरीबद्दल लिहिणं म्हणजे स्वतःच्या निवडीला नावं ठेवणं. मनुष्यस्वभाव आहे, पण वाचणाऱ्यानं तो धरून चालावं.

तर अनुभव वाचताना चार गोष्टी शोधा. तुलना कशाशी केली? पातळी जुळवली होती का? दोन्ही यंत्रांवर एकच स्थिर चाचणी-स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर साधा मल्टिमीटर धरला, तरी पातळी बरीच जुळवता येते. पॉवर ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि खोली कोणती? आणि जुनं यंत्र परत जोडून पाहिलं का? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर तो अभिप्राय जरूर जपून ठेवा. तो माणूस दोरा मागं सरकवून पाहणारा आहे.

आणि तुमच्यापैकी कुणाकडे असं यंत्र असेल, तर लिहा. मराठीत लिहा. पहिल्या आठवड्याचं नको, दोन उन्हाळे काढल्यानंतरचं लिहा. गायिका समोर येऊन बसली हे एका ओळीत सांगा, मात्र नॉबच्या खरखरीला एक अख्खा परिच्छेद द्या. देवरीला किंवा सालेकशाला बसून पैसे जमवणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होईल.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.