फरकाचा तक्ता आणि आगाशीचे केळे

वनस्पतिपेशी चौकोनी, प्राणिपेशी गोल. एकीत हरितलवके असतात, दुसरीत नसतात. फरकाचा हा तक्ता आपण फळ्यावर काढतो, मुले तो पाठ करतात आणि गुण मिळवतात. आमचा आक्षेप असा, की तो कोणी पडताळून पाहत नाही.

वसईजवळच्या आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. ती ज्या राजेळी केळ्यांची करतात, त्यांतलेच एक पिकलेले केळे घ्यावे. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा गर काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पेशी लांबट गोल, सुट्या पिशव्यांसारख्या दिसतील. कारण केळे पिकताना त्यांना जोडणारे पेक्टिन विरघळते. हरितलवक एकही दिसणार नाही. आयोडीनचा थेंब सोडल्यास उरलेले पिष्टकण निळे-काळे होतात. कच्च्या केळ्यात ते कितीतरी अधिक असतात. हे कण ज्यांत साठतात ती रंगहीन लवके म्हणजे हरितलवकांचीच भावंडे.

तेव्हा तक्त्यात सेल्युलोजची पेशीभित्तिका आणि लवके ठेवावीत; आकार व हिरवा रंग वगळावा. कांद्याच्या पापुद्र्यात न दिसलेले हिरवे ठिपके मूल वहीत काढते, तेव्हा ते डोळ्यांपेक्षा तक्त्यावर अधिक विश्वास ठेवते. अशा आकृतीला पूर्ण गुण देण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे.